अत्याचारित बालकांचे देणे राज्याने कधी फेडावयाचे?



ज्या विषयावर आपल्या घरात, विहारात किंवा सभेत सहसा कोणी तोंड उघडीत नाही, त्या विषयावर आज लिहावयाचे आहे. बालकांवर होणारा लैंगिक अत्याचार हा तो विषय होय. गुन्हेगारास फाशी द्यावी की जन्मठेप, याची चर्चा गावोगावच्या पारावर पुष्कळ होते. परंतु ज्या बालकावर अत्याचार झाला त्याचे दुसऱ्या दिवसापासून काय, हा प्रश्न विचारणारा मनुष्य विरळा. त्याच्या देहाचा आणि मनाचा उपचार, त्याची शाळा, न्यायालयातील खेपा, आईबापांची बुडालेली मजुरी, या सर्वांचा खर्च कोणी सोसावयाचा? आमचे म्हणणे असे की, तो राज्याने सोसला पाहिजे. सार्वजनिक तिजोरीतून, ठरलेल्या मुदतीत आणि कोणाच्या पाया पडावयास न लावता सोसला पाहिजे. यात उपकाराचा लवलेशही नाही. बालकाचे रक्षण करण्याचे वचन राज्याने दिले होते. ते मोडले गेल्यावर उरते ते देणे.

वरठीचेच उदाहरण घ्या. भंडारा रोड या नावाने रेल्वेच्या नकाशावर असलेले हे गाव हावड्याहून नागपूर-मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर आहे. येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. तेव्हा हे काही डोंगराआडचे, जगाशी संबंध तुटलेले खेडे नव्हे. तरीही समजा की, येथील एका बिडी वळणाऱ्या आईला एके संध्याकाळी कळले की आपल्या नऊ वर्षांच्या मुलीवर ओळखीच्याच माणसाने अत्याचार केला आहे. आता ह्या माउलीने काय करावयाचे? प्रथम ठाणे. मग मुलीला घेऊन दहा-बारा किलोमीटरवरचे भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय. मग दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब, मग बाल कल्याण समिती, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज, आणि पुढे विशेष न्यायालयातील तारखा. प्रत्येक खेपेला ऑटोचे किंवा एस.टी.चे भाडे द्यावे लागते, प्रत्येक खेपेला त्या दिवसाच्या बिड्या वळावयाच्या राहतात. बाप धानाच्या रोवणीवर जात असेल तर ऐन हंगामातील त्याचीही मजुरी बुडते. घरी दुसरे लहान मूल असेल तर ते शेजाऱ्याकडे ठेवावे लागते, आणि शेजारी विचारतो, “एवढ्या खेपा कशासाठी?” ती काय उत्तर देणार?

आणि हे सारे करीत असता मुलीची काय अवस्था असते, ते ध्यानी घ्या. ती रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते, शाळेचे नाव काढताच रडते, जेवत नाही. आई म्हणते, ‘नजर लागली असेल.’ गावात मनाचा उपचार करणारा जाणता मनुष्य नाही. भंडाऱ्यास एखादा असला तरी त्याच्याकडे आठवड्यातून एकदा नेणे म्हणजे पुन्हा भाडे आणि पुन्हा मजुरी. दोन महिन्यांनी ते कुटुंब थकते. आरोपीकडील चार प्रतिष्ठित माणसे याच घटकेची वाट पाहत असतात. ‘झाले ते झाले, पोरीचे लग्न व्हायचे आहे, काही घ्या आणि मिटवा,’ असा निरोप घेऊन ती दारात येतात. अशा कुटुंबाने साक्ष फिरविली तर आपण त्याला दोष देतो. पण साक्ष फिरली ती धैर्याच्या अभावी फिरली की भाड्याच्या पैशाअभावी, याची चौकशी कोणी केली आहे काय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपली तक्रार कायद्याविषयी फारशी नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणून ओळखतात, तो कायदा २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अंमलात आला. या कायद्याप्रमाणे बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावयाचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा. आणि त्या वेळी अंगावर गणवेश असता कामा नये. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीस कळवावयाचे. २०२० च्या नियमांत तर आणखी पुढचे आहे. समितीने बालकास एक सहाय्यक व्यक्ती द्यावी. तिने तपासापासून निकालापर्यंत त्या कुटुंबाच्या बरोबर राहावे, त्याला प्रत्येक पायरी समजावून सांगावी, रुग्णालयात आणि न्यायालयात सोबत जावे. तिचे मानधन राज्याने द्यावे आणि ते किमान वेतन कायद्यातील कुशल कामगाराच्या वेतनापेक्षा कमी असू नये. अन्न, वस्त्र, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीने विशेष साहाय्याची शिफारस करावी आणि ती रक्कम शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्याच्या आत हाती पडावी. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम नुकसानभरपाई देऊ शकते. आरोपी सुटला किंवा त्याचा शोधच लागला नाही, तरीही बालकाची हानी झाली असे न्यायालयास वाटल्यास भरपाई देता येते. रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खाजगी, पहिला उपचार विनामूल्य करावयाचा असतो. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे म्हणण्याचा डॉक्टरास अधिकार नाही.

वाचकहो, हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा आणि वर सांगितलेल्या माउलीच्या खेपांशी ताडून पाहा. कायद्याच्या पुस्तकात तिला एकही रुपया पदरचा खर्चावा लागत नाही. तिच्या मुलीच्या शेजारी पहिल्या दिवसापासून एक जाणती बाई बसलेली आहे. मग पुस्तकातील ही बाई दारापर्यंत का येत नाही? कारण तिला पाठविण्यासाठी माणूस नेमावा लागतो, त्याला प्रशिक्षण द्यावे लागते, त्याचा पगार आणि प्रवासखर्च महिन्याच्या महिन्यास द्यावा लागतो. कायदा संमत करण्यास हात वर करावा लागतो; तो चालविण्यास तिजोरी उघडावी लागते. आपल्या राज्यकर्त्यांचा हात फार लवकर वर जातो.

तिजोरीकडेच वळू. बाल कल्याण समित्या, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, निराधार मुलांचे साहाय्य, १०९८ ही मदतवाहिनी, हे सर्व ज्या एका केंद्रीय योजनेतून चालते तिचे नाव मिशन वात्सल्य. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तिच्यासाठी १४७२ कोटी रुपये धरले होते. आकडा मोठा दिसतो. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे या देशात अठरा वर्षांखालील मुले सुमारे ४७ कोटी होती. भागाकार शाळेतील मूलही करील: दर बालकामागे वर्षाला सुमारे एकतीस रुपये, म्हणजे महिन्याला अडीच रुपयांच्या आसपास. या अडीच रुपयांत अनाथ मूल, रस्त्यावरचे मूल, कामावर जुंपलेले मूल आणि अत्याचारित मूल, सगळे आले. राज्ये आपला वाटा घालतात, हे खरे. तो धरला तरी हिशेबाची जात बदलत नाही. वरठीच्या फलाटावर या पैशांत चहाचा अर्धा पेलाही मिळणार नाही.

‘पैसाच नाही’ असेही कोणी म्हणू नये. २०१३ साली दिल्लीच्या घटनेनंतर केंद्राने एक हजार कोटींचा निर्भया निधी उभारला. देशभर त्याचे गोडवे गायिले गेले. आणि आरंभीच्या वर्षांत त्यातील फार मोठा भाग खर्चाविना पडून राहिला! एकीकडे निधी पडून आहे आणि दुसरीकडे बालकाला दवाखान्यात न्यावयास भाडे नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. भंडाऱ्याच्या लोकांना तर आगीची उपमाही शब्दशः कळते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विभागाला आग लागली आणि दहा अर्भके गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. बालक मेल्यावर आदेश काढणे ही आपल्या राज्यकारभाराची रीतच होऊन बसली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यातील मुरमाडी येथे तीन लहान बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले, तेव्हा संतप्त लोकांनी महामार्ग रोखला. मंत्री धावले, आश्वासने झाली. त्या मृत्यूंच्या कारणांविषयीचा वाद येथे उकरावयाचा नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या बालकाचा जीव वाचला आणि ज्याच्यासाठी कोणी महामार्ग अडविला नाही, त्याच्या घरी कोणता मंत्री जातो?

महाराष्ट्र शासनाने २०१३ साली मनोधैर्य योजना आणली. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांतील पीडितांना अर्थसाहाय्य आणि पुनर्वसन देणारी ही योजना चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. आरंभी रक्कम किमान दोन लाख आणि विशेष प्रकरणी तीन लाख होती. परंतु ती मिळविण्यासाठी लोकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०१७ साली एका चौदा वर्षांच्या मुलीची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. त्या वेळी न्यायालयाने शासनाला खडसावले की, ही रक्कम म्हणजे तुम्ही करीत असलेला दानधर्म नव्हे, हा पीडितेचा हक्क आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस योजनेत सुधारणा होऊन कमाल रक्कम दहा लाखांपर्यंत गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आले. चौदा वर्षांच्या मुलीला आपले देणे मागण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, ही गोष्ट या राज्याला भूषणावह आहे काय?

शिवाय भरपाईची एकठोक रक्कम म्हणजे सेवा नव्हे, हा भेद आपल्या लोकांनी पक्का ध्यानात ठेवावा. धनादेश मुलीचा हात धरून न्यायालयाच्या पायऱ्या चढत नाही. रात्री दचकून उठलेल्या मुलास काय सांगावे हे बँकेतील ठेव आईला शिकवीत नाही. रक्कम हवीच. पण ती वर्षा-दीड वर्षाने आली आणि तोवर मुलीने शाळा सोडली असली, तर ते वरातीमागून घोडे झाले.

सेवा नसली म्हणजे काय होते, हे आपल्या विदर्भाइतके कोणी भोगलेले नाही. १९७२ साली, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचे वय चौदा ते सोळांच्या दरम्यान होते. आजच्या कायद्याने ती बालकच. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिले, आणि तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असले तर्क त्या निकालात मांडले गेले. देशभर संताप उसळला. १९८३ साली कायदा बदलला. मथुरेच्या नावाने कायद्याचा इतिहास लिहिला गेला. परंतु त्या सुधारलेल्या कायद्यात तिच्यासारख्या मुलीच्या पुढील आयुष्याला आधार देणारे एकही कलम नव्हते.

आणि खैरलांजी तर आपल्याच मोहाडी तालुक्यातील. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावाने हत्या केली. मायलेकींवर अत्याचार झाला की नाही याची पहिल्या शवविच्छेदनात नीट तपासणी झाली नाही. मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन करण्याची वेळ आली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. पण अॅट्रॉसिटीचा आरोप टिकला नाही आणि स्त्रीच्या विटंबनेचाही टिकला नाही. त्या निकालांवर आपल्या समाजाने पुष्कळ रोष व्यक्त केला आणि तो रास्तच होता. परंतु पुरावा पहिल्या चोवीस तासांत गोळा होतो किंवा कायमचा नष्ट होतो. त्या चोवीस तासांत प्रशिक्षित डॉक्टर जागेवर असणे, तपासणीचे साहित्य असणे, पीडितांच्या बाजूने बोलणारा जाणता मनुष्य असणे, या सर्व गोष्टींना पैसा लागतो. न्यायालयातील निकालाची मुळे रुग्णालयाच्या खोलीत असतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सेवा-बिवा कशाला, नराधमांना फासावर लटकवा म्हणजे गुन्हे थांबतील. २०१९ साली पोक्सो कायद्यात दुरुस्ती होऊन अतिगंभीर अत्याचारास फाशीची तरतूदही झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, तेव्हा पुढे आलेली आकडेवारी अशी होती: १ जानेवारी ते ३० जून २०१९ या सहा महिन्यांत देशभर २४,२१२ गुन्हे नोंदले गेले, त्यांतील खटला पूर्ण झालेली प्रकरणे ९११. ज्या यंत्रणेत खटलाच पूर्ण होत नाही, तेथे शिक्षेची लांबी वाढवून गुन्हेगार कशास भितो? त्यातून आणखी एक अनर्थ संभवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे अशा प्रकरणांत शेकडा नव्वदाहून अधिक आरोपी बालकाच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, शिक्षक, घरमालक. चुलत्याला फाशी होईल, या भीतीने आजी नातीचे तोंड दाबते. आधीच तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात फाशीच्या घोषणेने दाबणारा हात अधिकच घट्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत येतो. ‘ही कामे सेवाभावी संस्थांनी करावीत, सरकारला हे जमत नाही.’ मुंबई, पुणे येथे अशा संस्था आहेत आणि त्यांनी मोठे कार्य केले आहे, यात शंका नाही. १०९८ ही मदतवाहिनीसुद्धा १९९६ साली मुंबईत अशाच प्रयत्नातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाने आपल्याकडे घेतली. परंतु दानावर चालणारी संस्था जेथे दाते असतात तेथे उभी राहते. मोठ्या शहरातील मुलाला समुपदेशक आणि मोहाडी तालुक्यातील मुलाला ताईत, हा कोणत्या संविधानातील न्याय? दात्याचे मन फिरले, परदेशी मदतीचा परवाना अडला, की संस्थेला कुलूप लागते; बालकाचे दुःख मात्र तेथेच असते. आपण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर जगलो. दया कशी येते आणि कशी जाते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी, वेगळ्या संदर्भात सोडविला आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचे साहाय्य देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र ते होईपर्यंत मालकाला त्याच्या वाट्यातून त्यांनी सोडले नाही. तत्त्व साधे आहे. ज्या गोष्टीत सर्व राष्ट्राचे हित आहे तिचा खर्च सर्व राष्ट्राने उचलावा, एकट्या दुःखिताने नव्हे. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार नमूद झाला. याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते आणि जिल्ह्याने त्यांना निवडून पाठविले नाही. निदान त्यांचा हा विचार तरी आता जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत पाठवू या!

हे शक्य आहे काय, असे कोणी विचारील. आइसलँड नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची सारी लोकसंख्या चार लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत एकट्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्या देशाने १९९८ साली ‘बार्नाहूस’, म्हणजे मुलांचे घर, सुरू केले. अत्याचारित मूल तेथे जाते. घरासारख्या खोलीत एकच प्रशिक्षित व्यक्ती त्याच्याशी बोलते. पोलीस, वकील, बालकल्याण अधिकारी दुसऱ्या खोलीतून ते ऐकतात. डॉक्टर आणि मनाचा उपचार त्याच छपराखाली. मुलाला दहा ठिकाणी तीच कहाणी सांगावी लागत नाही. खर्च सरकारचा. युरोपातील अनेक देशांनी पुढे ही पद्धत उचलली. आपल्याकडे २०१५ पासून वन स्टॉप सेंटरची योजना आहे, तिचे बीज याच विचारात आहे. पण ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि मुख्यतः अत्याचारित स्त्रियांसाठी कल्पिलेले. नऊ वर्षांच्या मुलाशी कसे बोलावे, हे स्वतंत्र शास्त्र आहे.

मुलाशी म्हटले ते हेतुपुरस्सर. केंद्र शासनाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांना विचारण्यात आले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. आपल्या घरातील मुलगा गप्प झाला असेल तर ‘वयात येतोय’ म्हणून सोडून देऊ नका.

आता राज्याकडून आपल्या घराकडे वळावयाचे आहे आणि येथे मी गोड बोलणार नाही. राज्य पैसा देत नाही, हे खरे. पण मागणारा समोर येत नाही, हेही राज्याच्या पथ्यावर पडते. मागणारा का येत नाही? कारण ‘अब्रू’. ज्या समाजव्यवस्थेने स्त्रीच्या देहात कुळाची अब्रू ठेवली, ती व्यवस्था आपण दीक्षा घेताना मागे टाकली असे आपण म्हणतो. मग तिची ही एक वळकटी काखेत धरून का आणली? पंचशीलातील तिसरे शील आपण रोज म्हणतो. ते कोणी मोडले? अत्याचार करणाऱ्याने मोडले. कलंक असेल तर तो त्याचा. नऊ वर्षांच्या मुलीने कोणते शील मोडले आहे, की तिने खाली मान घालून चालावे आणि त्याने विहारात पहिल्या ओळीत बसावे?

आरोपी आपल्याच समाजातील असला तर ‘समाजाची बदनामी होईल’ असे सांगणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांना सांगा की, अशा गुन्ह्याची माहिती असून ती न देणे हाच पोक्सो कायद्याच्या एकविसाव्या कलमाखाली गुन्हा आहे आणि पंचांपुढे पैसे देऊन तो मिटविता येत नाही. याच्या उलट दुसरा एक वर्ग आहे. तो मोर्चा काढतो, फलकावर मुलीचे छायाचित्र छापतो, गावाचे आणि शाळेचे नाव पुकारतो. बालकाची ओळख उघड करणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरी ते क्रौर्यच होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या बालवाडीतील दोन चिमुरड्यांच्या प्रकरणात पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी तासन् तास ठाण्यात तिष्ठावे लागले आणि मग लोकांनी रेल्वे अडविली. तो संताप समजण्यासारखा होता. पण प्रत्येक बालकासाठी रेल्वे अडवावी लागत असेल, तर आपण यंत्रणा उभी केली नाही, केवळ रुळांवर उभे राहावयास शिकलो.

नवदीक्षित कुटुंबांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे, कारण या बाबतीत त्यांची हटकून फसवणूक होते. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हाला अॅट्रॉसिटी लागू नाही,’ असे कोणी सांगितल्यास ते असत्य आहे. धर्मांतरानंतर आपल्या सवलती काढून घेतल्या गेल्या होत्या, हे खरे. महाराष्ट्राने त्या १९६० साली राज्यापुरत्या दिल्या आणि १९९० च्या केंद्रीय दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा पुन्हा प्राप्त झाला. म्हणून आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह पहिल्या तक्रारीतच धरावा. त्या कायद्याच्या नियमांत २०१६ साली झालेल्या सुधारणेप्रमाणे बलात्काराच्या प्रकरणी पाच लाख आणि सामूहिक बलात्काराच्या प्रकरणी सव्वाआठ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य ठरले. त्यातील निम्मे वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्र गेल्यावर आणि उरलेला खटला संपल्यावर द्यावयाचा असतो. जातीचा दाखला आजच काढून पेटीत ठेवा. संकटाच्या दिवशी तो शोधत बसण्याची वेळ नसते. मनोधैर्य योजना आणि पोक्सो कायद्याखालील साहाय्य यांना तर जात वा धर्म यांची अटच नाही.

दर वर्षी जयंतीसाठी आपण घरोघर वर्गणी गोळा करतो. त्या वर्गणीतून अत्याचारित मुलांसाठी निधी काढावा, अशी सूचना काही तरुणांनी केली आहे. त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्य. परंतु ही सूचना मला पसंत नाही. ठाण्यात जाण्याचे भाडे एखाद्या रात्री शेजाऱ्याने द्यावे, ते माणुसकीला धरून आहे. पण बिडी वळणाऱ्या बाईच्या दहा रुपयांतून राज्याचे देणे फेडू लागलो, तर राज्य हात झटकून मोकळे होईल. वर्गणी गोळा करणाऱ्या त्याच तरुणांनी तेवढाच वेळ मागणीसाठी द्यावा.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सहाय्यक व्यक्तीच्या नेमणुकीवर भर दिला आणि अशी मदत मिळू शकते हे प्रत्येक पालकास सांगितले गेले पाहिजे, असे स्पष्ट केले. तो निकाल उत्तर प्रदेशातील प्रकरणातून निघाला, तरी ज्या कायद्यावर तो उभा आहे तो भंडाऱ्यासही लागू आहे. तेव्हा प्रत्येक विहारातील दोन-तीन शिकलेल्या मुलामुलींनी माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे एक अर्ज करावा. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात पोक्सोखाली किती प्रकरणे समितीकडे आली. त्यांपैकी किती बालकांना सहाय्यक व्यक्ती मिळाली. त्या व्यक्तींना किती मानधन, कोणत्या तारखेस दिले. विशेष साहाय्याच्या किती शिफारशी झाल्या आणि किती रकमा सात दिवसांत पोचल्या. मोहाडी तालुक्यात मुलांच्या मनाचा उपचार करणारी व्यक्ती कोणत्या दिवशी, कोठे बसते. बालकाचे नाव, गाव, वय काहीही विचारू नये. फक्त संख्या आणि रुपये विचारावेत. असाच दुसरा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करून मनोधैर्यच्या मंजूर आणि प्रत्यक्ष दिलेल्या रकमा विचाराव्यात. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे. न आल्यास त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही.